पाचटात गुंडाळून आलेला एक्सल

बैलजोडी विकून लोखंड घरी आणणारा ढाकणे वस्तीवरचा पहिला माणूस म्हणजे बिभीषण. घोडेगावच्या बाजारात त्यानं खिलारी जोडी दुसऱ्याच्या हातात दिली, उपरण्यानं डोळे पुसले, आणि त्याच आठवड्यात सावेडीतल्या एका मांडववाल्याची जुनी पिकअप घेऊन तो पाथर्डीच्या पुढचा घाट चढून वर आला. सगळी वस्ती बघायला जमली. मागच्या फाळक्यावर अजून 'शुभविवाह' लिहिलेलं होतं आणि हॉर्न वाजवला की वायपर हलायचे. म्हाताऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर काठी वाजवून पाहिली आणि निकाल दिला, की काही म्हणा, बैल निदान शेण तरी देतो.

पण बिभीषणच्या डोक्यात वेगळंच होतं. दिवाळी झाली की वस्तीवरची कर्ती माणसं ऊसतोडीला जायची ती उन्हाळा लागल्यावर परतायची, आणि पोरंही त्यांच्याबरोबर जायची. म्हातारी माणसं मागं राहायची, त्यांच्यापाशी पोरं ठेवता आली असती. पण शाळा पडली घाटाखालच्या गावात. मधे घाटाची वळणं, खाली ओढा, आणि झुडपात बिबट्या. गुडघे धरून चालणाऱ्या आज्या पोरांना रोज तिथवर कशा नेणार? म्हणून पोरं फडात जायची, उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर झोपायची, आणि परत येईपर्यंत अक्षरं विसरून जायची. बिभीषण स्वतः तसाच शिकला होता. प्रत्येक इयत्तेचं पुस्तक त्याला दिवाळीपर्यंतचंच ठाऊक होतं. पुढच्या पानांवर काय होतं, हा प्रश्न त्याला मोठा झाल्यावरही कधीमधी टोचायचा.

म्हणून यंदा टोळी निघायच्या आधी, मारुतीच्या पारावर, तो सगळ्यांदेखत म्हणाला, की पोरं इथंच ठेवून जा. शाळेत न्यायची आणि आणायची माझ्याकडं. त्याची बायको पुष्पावती म्हणाली, की म्हाताऱ्यांच्या हाताखाली मी आहे, एकही पोर उपाशी झोपणार नाही. टोळीचा मुकादम रंगनाथ हा मोजून बोलणारा माणूस. त्यानं पुन्हा पुन्हा खोदून विचारलं आणि मग मान हलवली. ट्रक निघाला तेव्हा आदिनाथच्या बायकोच्या हातातून तिच्या लेकीचा, संस्कृतीचा हात सुटेना. शेवटी आदिनाथनंच तो सोडवला. असं सगळ्या वस्तीचं काळीज त्या जुन्या गाडीच्या हौद्यात ठेवून माणसं कोल्हापूरच्या बाजूला निघून गेली.

पहिले काही आठवडे गाडी गुणाची निघाली. पोरं पाढे म्हणत घाट उतरायची आणि भांडत घाट चढायची. मग एका सकाळी, पोरांना शाळेत सोडून सरकी पेंडीची पोती आणि पाण्याची पिंपं घेऊन परत येताना, ओढ्यावरच्या फरशी पुलाचा कडेचा तुकडा खचला आणि मागचं डावं चाक खाली गेलं. आता शहाण्या माणसानं उतरून आधी ओझं काढलं असतं. पण बैलाला 'हैक' करून गाडा चिखलातून काढायची सवय ज्याच्या अंगात मुरलेली, त्यानं काय करावं? बिभीषणनं पाय दाबून रेस दिली. बैल गुडघे टेकून ओढतो. लोखंडाला गुडघे नसतात. खालून हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच बसली.

घाटाखालच्या फाट्यावर गोरक्षनाथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो येऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर येईना. वैद्य नाडी धरून गप्प बसला, की घरच्यांना जे समजायचं ते समजतं. बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, की मागचा एक्सल पुरता गेला. बाहेरचं कवच फाटलंय, आतल्या चाकाचे दात उडालेत, जोडण्यासारखं काही उरलेलं नाही. अख्खा एक्सल पाहिजे, आणि कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलंय. वेल्डिंग होईल का, असं बिभीषणनं भीतभीत विचारलं.

"व्हईल की," गोरक्षनाथ म्हणाला. "पन त्या गाडीत कांदं भरायचं. पोरं न्हाई भरायची."

त्या संध्याकाळी वस्तीवर एकच प्रश्न होता, की टोळीला कळवायचं का. आणि उत्तर सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. फडावर वाईट निरोप धाडायचा नाही, ही ढाकणे वस्तीची जुनी रीत. ज्याच्या हातात कोयता आहे त्याचं मन दुसरीकडं गेलं, की कोयता उसावर बसत नाही, हातावर बसतो. घरी आई वारली तरी लेकाला परतल्यावरच सांगितल्याची उदाहरणं होती. तेव्हा गाडी मोडल्याचं कुणी फोनवर बोलायचं नाही, असं ठरलं. बिभीषणला ते फार बरं वाटलं. रीतीची रीत पाळली जात होती, आणि लाजेवर पांघरूणही पडत होतं.

दोनदा-तीनदा पुष्पावती हातात काठी घेऊन पोरांना पायी घेऊन गेली. मग ओढ्याच्या वाळूत बिबट्याचे ताजे ठसे दिसले आणि तेही थांबलं. पोरं लिंबाखाली बसू लागली. संस्कृती चौथीत, सगळ्यांत थोरली, तीच बाई झाली आणि लहानांना छड्या दाखवू लागली. रोज संध्याकाळी फोन यायचे आणि पोरं आईबापांना न झालेली शाळा सांगायची. गुरुजी काय म्हणाले, खिचडी कशी होती, कोण पडलं, कोण रडलं. बिभीषण ते कोपऱ्यातून ऐकायचा. आपल्या एका चुकीपायी इतकी लेकरं खोटं बोलायला शिकली, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

गोरक्षनाथनं त्याला एक सुतळी दिली होती, दोन गाठी मारलेली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथं बसतात त्या दोन बैठकांमधलं अंतर तेवढं. ज्या एक्सलला ही सुतळी गाठीला गाठ जुळेल, तो आपला. ती सुतळी खिशात घालून बिभीषण एस्टीनं नगरला गेला.

नगरला बायपासच्या कडेला भंगाराचे वाडे आहेत. बिभीषण त्यांच्यासमोरून जन्मभर येत-जात होता, पण त्या पत्र्याच्या कुंपणाआड काय आहे ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि तो दारातच उभा राहिला. एका बाजूला नुसते दरवाजे, भिंतीसारखे रचलेले. स्टेअरिंगची चाकं तारेत ओवून टांगलेली. काचा, सीटा, रेडिएटर, आणि त्यांच्या पलीकडं मागचे एक्सल, ओळीवर ओळ, नजर जाईल तिथवर. त्याच्या मनात आलं, की यातल्या प्रत्येकानं कुणाला तरी कुठं तरी पोचवलं असणार. नवऱ्या मुली, बाळंतिणी, कांदे, गणपती, प्रेतं. आख्ख्या जिल्ह्याचं जाणं-येणं इथं येऊन निमूट आडवं झालं होतं. बिभीषणला भीतीच वाटली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाटते ती, आवाज न करणारी. त्यानं नकळत पायातल्या वहाणांकडं पाहिलं.

मग दिवसभर तो सुतळी घेऊन त्या ओळींमधून वाकून फिरला. कुठं रुंदी जुळायची तर भोकं जुळत नव्हती, भोकं जुळली तर चाकाची बैठक वेगळी. वाड्याचा मालक भला माणूस, त्यानं दोनदा चहा पाजला आणि संध्याकाळी सांगितलं, की दादा, एवढ्यात तुझा नाही, तर नगरात नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. इथं देवापाशी डोळ्यांचा ढीग पडलेला, पण बिभीषणच्या मापाचा एकही नव्हता.

त्याच मालकाच्या ओळखीनं अकोले तालुक्यातल्या एका जीपवाल्याचा पत्ता लागला. त्याच कंपनीची जुनी जीप, एक्सल काढून ठेवलेला. बिभीषण जिल्ह्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेला. इकडं त्याच्या स्वतःच्या माळावर कुसळं वाळलेली, आणि तिकडं डोंगरात भात नुकताच झोडपून झालेला, ओहोळाला अजून पाणी. एकाच जिल्ह्यात देवानं इतका दुजाभाव करावा, याचं त्याला नवलही वाटलं आणि थोडा रागही आला. जीपवाल्याच्या पडवीत एक्सल होता. रंग तोच, भोकं तीच. सुतळी लावली तर चार बोटं कमी. जीपवाल्याला इतकं वाईट वाटलं, की त्यानं जेवू घालून वर नव्या तांदळाचं गाठोडं बांधून दिलं. ते डोक्यावर घेऊन बिभीषण घरी पोचला तेव्हा पुष्पावतीनं गाठोडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, की आता गाडीला भात चारायचा का.

दुसऱ्याच दिवशी रंगनाथ मुकादमाचा फोन आला.

"गाडी कवाधरनं बसलीय?" एवढंच त्यानं विचारलं.

झालं होतं असं. संस्कृतीनं आईला सांगितलं, की आज गुरुजींनी नवी कविता पाठ करून घेतली. फडात वार कुणाला कळत नाही, तिथं सोमवार काय नि शुक्रवार काय, ऊस सारखाच. पण त्या दिवशी मळेवाल्याचा पोरगा दिवसभर बांधावर पतंग उडवत होता, आणि शाळा नाही का रे, असं विचारल्यावर म्हणाला होता, की आज रविवार. संध्याकाळी लेकीचा फोन ठेवल्यावर आदिनाथच्या बायकोला ते आठवलं. मग तिनं फडावरच्या झोपड्यांत, कोपीकोपीत जाऊन बाकीच्या बायांना विचारलं, की तुमची पोरं आज काय बोलली. सगळ्यांच्याच पोरांनी त्या रविवारी शाळा केली होती.

बिभीषणनं सगळं सांगून टाकलं. फरशी, रेस, सुतळी, नगर, अकोले.  शेवटी रंगनाथनं मॉडेल विचारलं, गाडीचा नि एक्सलचा फोटो मागितला, सुतळीचं माप घेतलं आणि फोन ठेवला. पोरांचं नावही काढलं नाही. ते न काढणंच बिभीषणला खात राहिलं. पुष्पावती म्हणाली, की चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान जेवण तरी गेलं असतं. टोळी आता माणूस धाडणार आणि पोरं घेऊन जाणार, याबद्दल दोघांनाही शंका उरली नव्हती. ती गुपचूप पोरांचे कपडे धुऊन घडी घालून ठेवू लागली.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"ढाकने वस्तीचं बिभीषन का? तुमचा एक्सल माज्या गाडीत हाय. आता कराडात हाय. फुडं गुळाच्या टेम्पोत टाकतो, काळजी करू नगा."

 कोण तुम्ही, असं बिभीषणनं विचारलं, पण ट्रकवाल्याला घाई होती.

पुढच्या दिवसांत असे फोन येत राहिले आणि प्रत्येक माणसाकडून गोष्टीचा एकेक तुकडा कळत गेला. कारखान्याच्या गाडीतळावर रात्रंदिवस ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वजनकाट्याची वाट बघत उभ्या असतात. मुलूखभरची माणसं तिथं येतात. रंगनाथनं तो फोटो तिथं सोडला आणि फोटो मोबाईलमधून मोबाईलमध्ये, टोळीतून टोळीत, या कारखान्यावरून त्या कारखान्यावर फिरत निपाणीपर्यंत गेला. तिथल्या एका शेतकऱ्याच्या चिंचेखाली अगदी असलीच पिकअप वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्यात कोंबड्या बसायच्या. शेतकरी विकायला तयार नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या उसाला तुरे आले होते, वजन घटत होतं, कारखान्याची पाळी येईना, कोणतीच टोळी फिरकेना. मला तोडून द्या, म्हणाला, मी गुऱ्हाळाला घालतो, आणि एक्सल घेऊन जा.

साफसफाईसाठी कारखाना एखादा दिवस बंद राहतो. टोळीला तेवढाच विसावा. बाया डोकी धुतात, पुरुष पाठ टेकतात. त्या दिवशी रंगनाथची आख्खी टोळी दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसून निपाणीला गेली, दिवस मावळेपर्यंत तो ऊस आडवा केला, आणि कोंबड्यांना हुसकून एक्सल काढून आणला. दुसऱ्या पहाटे पुन्हा आपल्या फडावर हजर. ऊस तोडणं म्हणजे काय, हे बिभीषणला सांगायची गरज नव्हती. तोडून झाल्यावर बोटं सरळ होत नाहीत, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. विसाव्याच्या त्या एका दिवसाची किती वाट बघितली जाते, हेही तो जाणून होता. 

मग फलटणवरून एका बाईचा फोन आला. बीडकडची टोळी होती त्यांची. एक्सल आमच्या कोपीपाशी आहे, म्हणाली, पोरं वर बसून घोडा-घोडा खेळतात, उद्या दौंडला जाणारी गाडी आहे. त्यानंतर दौंडचा कुणी ड्रायव्हर. मग श्रीगोंद्याहून एक म्हातारा, त्यानं तर फक्त एवढंच विचारलं, की किती पोरं जातात हो शाळेला तुमच्या गाडीतून, आणि आकडा ऐकून बरं बरं म्हणून ठेवून दिला. यातल्या एकालाही बिभीषणनं पाहिलेलं नव्हतं. कुणापाशी कागद नव्हता, पावती नव्हती. दोन माणसांना उचलत नाही असलं लोखंड निव्वळ एका नावावर मुलूख पार करत येत होतं, आणि प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी ते उतरवत होतं, कुणीतरी चढवत होतं. बिभीषणला हे खरं वाटेना, आणि खोटं म्हणावं तर फोन वाजत होता.

शेवटी घोडेगावच्या बाजाराला जाणाऱ्या एका म्हशीच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून एक्सल तिथं उतरला. बिभीषण गोरक्षनाथला घेऊन गेला. बाजार भरात होता. म्हशींच्या पायांमध्ये, शेणात, एक लांबलचक गाठोडं पडलेलं. पाचटात गुंडाळून, वरून उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, वाढ्यांनी आवळलेलं, जशी उसाची मोळी बांधतात तसं. वाढी सुकून तुटली तिथं पुढच्यांनी आपल्यापाशी जे असेल त्यानं बांधलं होतं. कुठं सुंभ, कुठं साडीचा काठ, कुठं बैलाची जुनी वेसण. प्रत्येक टोळीची आपली गाठ असते, आणि त्या गाठींवर हात फिरवताना बिभीषणला माणसं दिसू लागली. सगळ्यात आतली, पिळून आत खोचलेली गाठ ढाकणे वस्तीची होती. त्यानं तिथंच भर बाजारात त्या लोखंडाला हात जोडले. गोरक्षनाथ हा देवधर्माची टिंगल करणारा माणूस, पण त्यानंही टोपी काढली. सुतळी लावली. गाठीला गाठ बसली. व्यापाऱ्याला भाडं देऊ केलं तर तो म्हणाला, की माझ्या आधीच्यानं घेतलं असेल तर मी घेतो.

बिभीषण हवेत तरंगत वस्तीवर आला तर त्याच्या ओट्यावर आदिनाथ बसलेला होता. मांडीवर संस्कृती, आणि शेजारी रिकामी मोठी पिशवी.

आदिनाथ वयानं लहान, स्वभावानं मऊ. त्याला हे काम जड जात होतं हे दिसत होतं, म्हणून त्यानं ते लवकर उरकलं. टोळीनं त्याला धाडलं होतं.

"दादा, गाडी मोडली त्याचं कायी न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "गाडी मोडतीच. म्हनून तर एक्सल धाडला. पन तू लपिवलं. लेकरं खोटं बोलली आमच्याशी. बाया म्हनत्यात, उद्या लेकराला कायी झालं तर हा मानूस सांगंल का?"

बिभीषणनं रीतीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. रीत कोयत्यासाठी होती. त्यानं ती आपल्या लाजेला पांघरली होती, हे त्याचं त्याला त्या क्षणी कळलं. पुष्पावतीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आदिनाथनं टोळीचं ठरलेलं सांगितलं. मी डोळ्यांनी बघायचं. पोरं नीट शाळेत पोचली तर राहू द्यायची. नाही तर दुपारच्या एस्टीनं सगळी घेऊन यायची. फडात माणूस कमी आहे, जास्त थांबता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथनं गॅरेजात ओढून आणलेल्या गाडीला एक्सल बसवला. संध्याकाळी बिभीषण रिकामी गाडी घेऊन घाट चढला. इतक्या लोकांच्या हातांवरून आलेलं ते लोखंड त्याच्याखाली कुरकुर न करता फिरत होतं, आणि त्याला त्याच्यावर बसायचीही चोरी वाटत होती. फक्त एक गोष्ट होती. वळणावर ब्रेक दाबला, की डावं चाक आधी धरायचं आणि गाडी डावीकडं झुकायची. गोरक्षनाथला फोन केला. तो म्हणाला, की ब्रेकचे लायनर त्या कोंबड्यांच्या गाडीतलेच आहेत, गंजलेत, चार खेपांत घासून बसतील, सावकाश चालव. गोरक्षनाथचं चुकीचं नव्हतं. सपाटीला काही बिघडलं नसतं. पण घाट उतरताना दरी डावीकडं होती.

सकाळी पोरं गणवेश घालून आधीच हौद्यात चढलेली. तेल लावलेली डोकी, पाठीवर दप्तरं. आज शाळा म्हणून त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की म्हाताऱ्याही हसत होत्या. आदिनाथ फाळक्याशी बसला. पुष्पावतीनं नारळ फोडला. बिभीषणनं किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि तो तसाच बसून राहिला. सावकाश नेली तर जाईल, असं एक मन म्हणत होतं. आजचा दिवस निघाला की झालं, उद्या नगरहून लायनर आणता येतील, कुणाला कळणारही नाही. ते 'कुणाला कळणारही नाही' त्याला फार ओळखीचं वाटलं.

त्यानं किल्ली बंद केली. खाली उतरला, मागं गेला आणि फाळका पाडला.

"उतरा रं पोरांनो."

मग तो आदिनाथला म्हणाला, "डावं चाक ब्रेकला आधी धरतंय. गाडी दरीकडं वढती. एवढी लेकरं घालून मी घाट उतरनार न्हाई."

"मिस्त्रीला ठाव हाय?"

"हाय. चालंल म्हनला."

"मंग?"

"रिकामी चालंल. माज्या एकट्याला चालंल."

आदिनाथनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आज पोरं शाळेत न्हाई पोचली तर मला न्यावी लागत्याल. ध्यानात हाय ना?"

"हाय," बिभीषण म्हणाला, आणि त्यानं धाकट्यांना उतरायला हात दिला.

पोरं उतरली.  संस्कृतीनं धाकट्यांची दप्तरं गोळा करून ओट्यावर ओळीनं ठेवली. आदिनाथ उठला आणि पिशवी तिथंच टाकून, जिथं मोबाईलला चांगली रेंज येते त्या मारुतीच्या पारावर गेला. पलीकडं टोळी वाट बघत असणार, कारण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. फोन स्पीकरवर होता आणि वारा वस्तीकडं होता. बिभीषणला कान झाकून घ्यावेसे वाटले, तरी तो ऐकत उभा राहिला.

"गाडीत आजून खोट हाय," आदिनाथ म्हणाला.

पलीकडं एकदम बायांचा गलका उठला. तो इथवर ऐकू आला. आदिनाथ तो शमेपर्यंत थांबला.

"आरं, ऐका की. मला दिसली नव्हती ती. लेकरं बसली हुती, गाडी सुरू हुती. त्यानं सोता उतरून सांगितलं." मग त्यानं घसा साफ केला. "ऱ्हाऊ द्या पोरं हितंच."